आत्याला म्हटलेलं इओ

इओ म्हणजे हो. टोंगात उतरलेला पाहुणा पहिल्याच दिवशी हा शब्द शिकतो आणि आपल्याला भाषा आली म्हणून खूश होतो. पण आत्याला म्हटलेलं इओ निराळं. आत्या म्हणजे बापाची बहीण, आणि ती बापापेक्षाही वर. तिला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात सोयच ठेवलेली नाही. त्यामुळे तिला म्हटलेलं इओ म्हणजे कधी हो, कधी बघू, आणि बऱ्याचदा मेले तरी करणार नाही. यातलं कुठलं कधी, ते ऐकणाऱ्याला कळतं. निदान कळायला हवं. लुपेच्या आयुष्याची माती झाली ती या एका शब्दापायी, आणि आमचे लोक अजून तोंड वर करून सांगतात की तिने इओ म्हटलं होतं.

लुपे ही फेआओची एकुलती एक मुलगी. फेआओ आमच्या चर्चच्या गायनमंडळाचा म्होरक्या. आवाज असा की खाडीत होडी वल्हवणाऱ्यानेही हात थांबवावा. लुपे बरीच वर्षं ऑकलंडला होती, कार्यक्रमांना स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत. खोकी उचलण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी मोठमोठ्या मैदानांवरचा आवाज तिच्या हाताखाली चालायचा. बापाच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा सगळं सोडून परत आली. लग्न केलं नव्हतं. केस कमरेच्या खाली, काम करताना डोक्यावर गाठ मारून त्यात पेन्सिल खोचलेली. फेआओला त्या केसांचं भारी कौतुक. "आमच्या घरात दोनच गोष्टी धड आहेत," तो म्हणायचा, "माझा आवाज आणि हिचे केस. बाकी सगळं गळतंय."

आत्याचं नाव मेलेनाइते. फेआओची थोरली बहीण, चर्चच्या बायकांची पुढारी. ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाच्या घरी मरण असो, बारसं असो, भेटीची पहिली चटई तिच्या घरातून यायची. फक्त आपलं म्हणणं कुणी ऐकणार नाही ही शक्यता तिला जन्मात कधी भेटलीच नव्हती.

तर झालं असं की चर्चचा नवा हॉल बांधून झाला, आणि ऑकलंडच्या आमच्या गाववाल्यांनी भेट म्हणून दोन कपाटाएवढे स्पीकर आणि एक काळा अ‍ॅम्प्लिफायर पाठवून दिला. जहाजातून आला, खोक्याला मीठ चढलेलं. आत्याचा मुलगा सिमोते तो उचलायला गेला आणि कंबर धरून बसला.

"हे काय डुक्कर भरलंय का आत?" तो म्हणाला.

नाव चिकटलं ते चिकटलंच. डुक्कर कुठे ठेवायचं, डुकराला वीज कुठून द्यायची, डुक्कर पाहुण्यांच्या डाव्या हाताला की उजव्या. लुपेने ते उघडून आतली धूळ फुंकली, स्क्रू आवळले, हवा आत घ्यायच्या जाळ्या ब्रशने साफ केल्या आणि सिमोतेला शेजारी उभं करून शिकवलं. चालू करताना आधी माइक आणि आवाज जुळवायचा मिक्सर, डुक्कर सगळ्यात शेवटी. बंद करताना डुक्कर आधी. आवाजाच्या खुंट्या शून्यावर ठेवून चालू करायचं, मग हळूहळू वर. आणि त्याच्या अंगावर काही टाकायचं नाही, त्याला श्वास लागतो.

"डुकराला श्वास," सिमोते हसला. "आणि जेवायला काय देऊ?"

"तुझं डोकं दे. पोट नाही भरणार, पण चव बघेल."

सिमोते खो खो हसला. बाप्या चाळिशीला आलेला, पण मन लावून शिकत होता. त्याच्याविषयी कडू बोलणं सोपं आहे, पण आईने सांगितलेलं करण्यापलीकडे त्याने आयुष्यात दुसरा गुन्हा केलेला नाही.

हॉलच्या उद्घाटनाला राजधानीतून मोठे पाद्री येणार होते. हॉलसमोरच्या गवतावर लोखंडी पाइप रोवून, वर ताडपत्री टाकून मांडव उभा केला. डुकराला वीज हॉलच्या भिंतीतून. मिक्सरचं टेबल मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याला वीज गावच्या पाद्र्यांच्या घराच्या खिडकीतून ओढलेली. आदल्या दिवशी दुपारी तालीम होती. गायनमंडळ उभं राहिलं, लुपेने सगळं चालू केलं, आणि दोन्ही स्पीकर घुरायला लागले. घूंऽऽ, सारखं, एका सुरात. गाणं चालू असताना ऐकू यायचं नाही, पण मंडळी श्वास घ्यायला थांबली की डुक्कर आपलं चालूच.

पुढच्या बाकावरून मेलेनाइते उठली. हातात पंखा, कमरेला गुंडाळलेली मानाची चटई, अंगाला खोबरेल तेलाचा वास.

"लुपे, हे काय आहे?"

"हमिंग आहे, आत्या. दोन ठिकाणची वीज घेतली ना, म्हणून होतं. दोन्ही एकाच ठिकाणाहून घेतली की जाईल. लांब, जाड वायर लागेल. उद्या सकाळी राजधानीत, नुकुआलोफाला जाऊन घेऊन येते."

"उद्या? उद्या मोठे पाद्री प्रार्थना म्हणणार आणि मधेमधे हे आमेन म्हणणार?"

बायका पंख्याआड हसल्या. सिमोते म्हणाला, "आई, बँडवाले प्लगची एक पिन कापून टाकतात. ती खालची, उभी. मग गप्प बसतं. आमच्या कावा पिण्याच्या बैठकीत त्यांनी सगळ्याच प्लगच्या कापल्यात."

"मग काप," आत्या म्हणाली.

लुपेने हातातली वायर खाली ठेवली. "आत्या, ती पिन कापायची नसते. ती अर्थिंगची आहे. आत एखादी वायर सुटून डब्याला लागली, तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसली तर ती तशीच डब्यात बसून राहते, डब्यातून वायरीत, वायरीतून माइकमध्ये. मग जो कुणी माइक हातात घेईल त्याच्यातून ती जमिनीत जाणार. आणि उद्या माइक बाबा घेणार आहेत."

एवढं सगळं ती आत्यासमोर एका दमात बोलली हेच पुष्कळ होतं. बायकांचे पंखे थांबले.

"बँडवाले मेले का?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग झालं. देवाच्या घरात, पाहुण्यांसमोर मला हे घुरणं नको. उद्याच्या आत हे थांबलं पाहिजे. कळलं?"

आता इथे लुपेने काय करायला हवं होतं, ते सांगणारे खूप भेटतील. नाही म्हणायचं होतं, म्हणतील. सगळ्या गावासमोर, आत्याच्या तोंडावर. सांगणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी म्हटलंय का? तिने मान खाली घातली.

"इओ, आत्या," ती म्हणाली.

मांडवातल्या प्रत्येकाला कळलं की हे कुठलं इओ आहे. मेलेनाइतेला तर सगळ्यात आधी कळलं. तिने ओठ आवळले, सिमोतेकडे एकदा पाहिलं आणि बाकावर जाऊन बसली. मग तिला आणखी एक गोष्ट खुपली. असं काळंभोर, उघडंबोडकं डुक्कर पाहुण्यांच्या डाव्या हाताला! तिने आपल्या घरून झाडाच्या सालीच्या कापडाचा छापील तुकडा मागवला, डुकरावर पांघरला आणि वर फुलांची माळ ठेवली. आमच्यात घरात आलेली कुठलीही मोलाची वस्तू उघडी ठेवत नाहीत. लुपेने गप्प बसून ते कापड काढलं, घडी घालून बाकावर ठेवलं. आत्याने गप्प बसून परत घातलं. लुपेने परत काढलं. तिसऱ्यांदा आत्या म्हणाली, "ते असू दे," आणि लुपे म्हणाली, "इओ." आत्याची पाठ फिरल्यावर तिने ते पुन्हा काढलं.

संध्याकाळी घरी तारोच्या, म्हणजे अळूच्या पानात शिजवलेलं मांस समोर घेऊन फेआओ पाय लांब करून बसला होता. आईने लुपेला वाढलं, ती त्याच्या समोर बसली, पण जेवेना.

"बाबा, तुम्ही आत्यांना सांगा ना. तुमचं ऐकतील."

"माझं?" फेआओ हसला. "अगं, मी तिचा भाऊ. तिने मला समुद्रात चाल म्हटलं तर मी फक्त विचारायचं, चप्पल घालू का. मी जन्मभर तिला इओ म्हणत आलोय आणि निम्मी कामं केलेली नाहीत. तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. असंच चालतं."

"हे तसलं काम नाही. तुमच्या हातातला माइक आहे तो."

"तू आहेस ना तिथे."

"सकाळी मी वायर आणायला जाणार. मी येईपर्यंत माइकला हात लावायचा नाही. कुणी काहीही म्हणो. हवं तर बिनमाइकचं बोला, तुमचा आवाज पुरतो. शब्द द्या."

फेआओने घास तोंडात टाकला, चावला, गिळला.

"इओ," तो म्हणाला.

लुपेने ते साधं हो म्हणून ऐकलं. बापाने मुलीला म्हटलेलं इओ, त्यात कसला आलाय आडपडदा, असं तिला वाटलं. मग ती जेवली.

सकाळी एक सर पडून गेली होती. लुपे पहिल्या बसने राजधानीत गेली. दुकानदार उशिरा आला. आला तर त्याला जाड वायर सापडेना, सापडली तर तिला प्लग बसवायला माणूस नव्हता, मग लुपेने त्याच्याच काउंटरवर बसून दोन्ही टोकं स्वतः बसवली. परतीची बस भरेपर्यंत सुटली नाही. वायरीचं वेटोळं मांडीवर घेऊन ती बसली होती आणि आपण जाताना डुकराचा फ्यूज काढून का नाही आणला, हा विचार तिला पहिल्यांदा त्या बसमध्ये आला. त्यानंतर तो तिला रोज येतो.

मागे गावात सिमोतेने तिच्या जाण्याची वाट पाहून लोखंड कापायची करवत काढली होती. आधी डुकराच्या प्लगची पिन कापली. घुरणं कमी झालं, पण पार गेलं नाही. मग पाद्र्यांच्या खिडकीत जाऊन मिक्सरच्या वायरीचीही कापली. डुक्कर एकदम गप्प झालं. आत्या म्हणाली, "बघ, एवढंसं तर काम," आणि सालीचं कापड चौपदरी करून त्याच्या अंगावर घातलं, वर नवी माळ. सिमोतेने मिक्सर आधी आणि डुक्कर शेवटी, असं शिकवल्याप्रमाणे अगदी नीट चालू केलं.

लुपे रस्त्यावर उतरली तेव्हा गाणं सुरू होतं. सगळं गायनमंडळ उभं होतं, चार आवाजांत, मांडवाची ताडपत्री थरथरत होती. बापाचा आवाज तिने दुरूनच वेगळा काढला. वेटोळं खांद्यावर टाकून ती गवतातून चालत आली. बरं वाटलं तिला. आवाज छान लागला होता, कुठे फाटत नव्हता. मग कडवं संपलं, मंडळी श्वासाला थांबली, आणि घुरणं ऐकू आलं नाही.

काहीच ऐकू आलं नाही. एक स्वच्छ शांतता.

लुपेने डुकराकडे पाहिलं. कापड, माळ. कापडाच्या कडेची हवा उन्हात हलते तशी हलत होती. ते किती वेळ तसं तापत होतं कुणास ठाऊक. मोठे पाद्री मघाशी त्याच माइकवर प्रार्थना म्हणून गेले होते, त्यांना काही झालं नव्हतं. आतली वायर वितळायला वेळ लागतो.

पुढच्या बाकावरून मेलेनाइतेने भावाला पंख्याने खूण केली. आता तू बोल. फेआओने लुपेकडे पाहिलं, तिला पाहून हसलासुद्धा. तू आलीस ना, असं त्या हसण्यात होतं. गुडघे दुखत होते म्हणून डाव्या हाताने त्याने मांडवाचा लोखंडी पाइप धरला आणि उजव्या हाताने माइक घेतला.

"बाबा, सोडा ते," लुपे ओरडली. गावात कुणी तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

त्याला ते सोडता येत नव्हतं. ती त्याच्याकडे धावली नाही. धावली असती तर दोघं गेले असते. ती हॉलच्या भिंतीकडे धावली, प्लग खेचून काढला, आणि मग वळली तेव्हा तो ओल्या गवतावर पडलेला होता. बापाला सोडून पोरगी भिंतीकडे पळाली, हे नंतर पुष्कळांनी सांगितलं. का पळाली ते कुणी सांगितलं नाही.

ती गुडघ्यांवर बसली. छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागली. मग दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि मागे झुकवलं, श्वास द्यायला. मांडवातून एक उसासा निघाला. बापाच्या डोक्याला लेकराने हात लावायचा नसतो. जन्मभर लुपेने बापाच्या उशीवरसुद्धा हात ठेवला नव्हता, आणि आता सगळ्या गावासमोर तिने त्याचं डोकं भोपळ्यासारखं धरलं होतं आणि तोंडाला तोंड लावलं होतं.

"लुपे," आत्याचा आवाज आला, "डोक्याला हात लावू नकोस."

"इओ, आत्या," लुपे म्हणाली, आणि हात काढला नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत काढला नाही.

फेआओ परत श्वास घेऊ शकला नाही.

मरणघरात कुणाची जागा कुठे, हे आमच्यात ठरलेलं असतं. प्रेताच्या उशाशी बहीण, मऊ जुन्या चटयांच्या राशीवर. मुलं सगळ्यात खाली. लुपेने सुतकाची फाटकी, कानापर्यंत येणारी चटई गुंडाळली आणि मागे भट्टीजवळ याम नावाचे कंद सोलत बसली. येणारी-जाणारी माणसं आत्याचे हात धरून रडत होती आणि मागे येऊन लुपेकडे बघत होती. अगं, डोक्याला हात लावला म्हणे. बाहेरून शिकून येतात पोरी. तिनेच जोडलं होतं ना ते सगळं? तिनेच. एकही माणूस खोटं बोलत नव्हता, आणि सगळी मिळून जे तयार होत होतं ते धादांत खोटं होतं.

आई तिच्या शेजारी येऊन बसली. नवऱ्याच्या बहिणीपुढे तिची काय किंमत, ती आयुष्यभर सुरी घेऊन मागेच बसलेली.

"तू इओ म्हणालीस ना गं?" आईने हळूच विचारलं.

"आई, तुला कळलं नव्हतं का ते कुठलं इओ होतं?"

आईने एक याम सोलला. "कळलं होतं," ती म्हणाली. "पण आता कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

विचारणारा दफनानंतरच्या सकाळी आला. वीजखात्याचा तपासनीस, सोबत एक पोलीस. कापलेले दोन्ही प्लग त्यांनी काढून आणले होते. हॉलमध्ये सगळे खाली बसलेले होते, कारण केस कापायचा दिवस होता. मेलेला माणूस पुरल्यावर त्याच्या मुलींचे, भाच्यापुतण्यांपैकी खालच्या मानाच्या मुलींचे केस आत्या कापते. ज्यांनी आपलं माणूस गमावलं त्या या, हे मग महिनोन्महिने सगळ्या जगाला दिसतं. आत्याच्या मांडीवर कात्री होती. लुपे रांगेत पहिली, केस मोकळे सोडून, बसल्या जागी ते चटईवर पसरले होते.

तपासनीसाने प्लग समोर ठेवले. "हे कुणी कापले?"

सिमोतेने आईकडे पाहिलं. त्याचे डोळे सुजून लाल झालेले होते. त्याने तोंड उघडलं.

"मी लुपेला सांगितलं होतं आवाज थांबव म्हणून," मेलेनाइते म्हणाली. ती खरंच रडत होती, तिचा भाऊ गेला होता. "कसा थांबवायचा ते तिला माहीत. मला म्हातारीला काय कळतं त्यातलं? ती इओ म्हणाली. सगळ्यांनी ऐकलंय."

सगळ्यांनी ऐकलं होतं. माना हलल्या. आईचीसुद्धा हलली. सिमोतेचं तोंड मिटलं.

पोलीस लुपेकडे वळला. "तू कापलेस?"

लुपेच्या पुढ्यात रस्ता अगदी साफ होता. गप्प बसायचं. गप्प बसलं की झालं. पोरीच्या हातून चूक झाली, देवाची इच्छा, चार लोक रडले असते, आत्याने तिचे केस कापले असते, मिठीत घेतलं असतं, आणि संध्याकाळी दोघी एका पानावर जेवल्या असत्या. असंच चालतं, बाबा म्हणाले होते.

"नाही," लुपे म्हणाली. "मी नाही कापले. मी कापायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं. मी असते तर ते कुणाला कापू दिले नसते. आत्यांनी कापायला लावले, आणि त्यांना माहीत होतं की मी इओ म्हणाले ते हो नव्हतं."

ती हे आत्याच्या तोंडाकडे बघून बोलली. तपासनीसाने लिहून घेतलं की अपघात झाला, पिन कुणी कापली ते स्पष्ट होत नाही. साक्ष द्यायला एकही माणूस पुढे आला नाही. पोलिसाने जाताना मेलेनाइतेला वाकून नमस्कार केला.

मग केस कापायचे राहिले होते. मेलेनाइतेने कात्री उचलली. लुपे पुढे सरकली आणि तिने मान खाली घातली. इतकं बोलूनही ती तयार होती, बापाची मुलगी होती ती. कात्री तिच्या मानेजवळ आली आणि थांबली. आत्याने ती मागे घेतली, आणि लुपेच्या डोक्यावरून पलीकडे बघत मागच्या पोरीला म्हणाली, "तू ये गं पुढे."

लुपे तशीच मान खाली घालून बसली. मागची पुढे झाली. तिच्या मागची झाली. पुतण्या, चुलत भावंडांच्या मुली, एकेकीची वेणी चटईवर पडत गेली. फेआओला वर्षातून एकदा भेटणाऱ्या पोरींचेसुद्धा केस कापले गेले. त्याच्या सख्ख्या मुलीचे कमरेखाली तसेच राहिले. आत्याशिवाय ते कुणी कापायचे नसतात, आणि आत्याने कापले नाहीत. आता रस्त्याने चालताना ती मागून दिसली की लोकांना कळायचं, ही ती. हिला बाप मेल्याचं काही नाही.

डुक्कर दुरुस्त करायला गावात दुसरं कुणी नव्हतं. चर्चवाले दोन महिने बिनमाइकचे गायले, मग पाद्री स्वतः लुपेकडे आले, टोपी हातात घेऊन. ती हो म्हणाली. साधं हो. तिने डुक्कर उघडलं, जळलेल्या वायरी बदलल्या, नवे प्लग लावले, तीन पिनांचे. डुकराच्या अंगावर आता कुणी कापड घालत नाही, तसं सांगावं लागलं नाही. फ्यूज ती दर रविवारी काढून खिशात घालून घरी नेते. पण मिक्सर तिने हॉलमध्येही पार दुसऱ्या टोकाला ठेवला, आणि त्याची वीज पाद्र्यांच्या खिडकीतूनच घेतली. राजधानीतून आणलेली ती लांब वायर हॉलच्या मागच्या खुंटीवर वेटोळं घालून लटकते आहे. ती जोडली की घुरणं जाईल. लुपेला ते माहीत आहे, सिमोतेला माहीत आहे.

तेव्हापासून दर रविवारी गायनमंडळ श्वास घ्यायला थांबतं आणि डुक्कर घुरतं. घूंऽऽ, एका सुरात. मेलेनाइते पहिल्या बाकावर बसते. पहिल्या बाकावरच बसावं लागतं तिला, तिचा मानच तो आहे. आणि स्पीकर तिच्या डाव्या कानाशी आहे. सुरुवातीला ती मान ताठ ठेवून बसायची. मग पंखा हलवणं सोडून दिलं. मग एका रविवारी, सगळे बाहेर गेल्यावर, ती काठी टेकत मिक्सरच्या टेबलापाशी आली. केस कापायच्या दिवसानंतर ती लुपेशी एक शब्द बोलली नव्हती. अंगाने अर्धी झाली होती.

लुपेने आधी डुक्कर बंद केलं, मग मिक्सर, आणि उभी राहिली.

"लुपे," आत्या म्हणाली, "मला तो आवाज झोपेतसुद्धा ऐकू येतो गं. बंद करशील का तो?"

लुपेने मान खाली घातली. केस दोन्ही बाजूंनी पुढे आले.

"इओ, आत्या," ती म्हणाली, आणि वायरी गुंडाळायला लागली.

मेलेनाइतेने खुंटीवरच्या वेटोळ्याकडे एकदा पाहिलं. मग काठी टेकत निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली आणि पहिल्या बाकावर आपल्या जागी बसली.